मालक इथे राहत नाहीत

आमच्या घराचे मालक आमच्या घरात राहत नाहीत, असं मी स्वतः, पूर्ण शुद्धीत, सकाळचा चहा झाल्यावर पालिकेच्या माणसाला सांगितलं आहे. कुणी दबाव आणला नव्हता. त्याने विचारलं, मी सांगितलं. त्या एका वाक्यापायी पुढचे कित्येक महिने मी आमच्याच घरात भाडेकरू होतो. तोही कागदोपत्री!

पण आधी माझी बाजू ऐका. (सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, ती अजून पुरती ऐकलेली नाही.)

मी मूळचा नंदुरबारजवळच्या कोरीट गावचा, पण नोकरी पाटबंधारे खात्यात, कारकुनाची. साक्री, शिरपूर, चोपडा, पुन्हा साक्री. खात्याने कालव्यात पाणी कमी फिरवलं असेल, पण मला भरपूर फिरवलं. प्रत्येक गावात नवं भाड्याचं घर आणि नवे घरमालक. भाड्याने राहणं ही साधी गोष्ट नव्हे महाराज! नळ हळू सोडायचा. दार आपटायचं नाही. पाहुणे आले की मालकांनी विचारायच्या आत आपणच सांगायचं, “दोनच दिवस आहेत हं!” आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भिंतीत खिळा ठोकायचा नाही. आमच्याकडच्या बोलीत खिया. त्या खियाने आमच्या संसारात जे केलंय, ते सासूसासऱ्यांनीसुद्धा केलं नाही.

चोपड्याला सुमनने एकदा कॅलेंडरसाठी एक खिळा ठोकला. एकच, तोही बारका. पहिल्या ठोक्याला मालकीणबाई जिन्यात होत्या आणि तिसऱ्याला आमच्या घरात. “माझ्या भिंतीला काय केलं?” असं म्हणून त्यांनी सुमनला तो खिळा स्वतःच्या हाताने उपटायला लावला. मी शेजारीच उभा होतो. नवरा म्हणून मी काय केलं? आत जाऊन टूथपेस्ट आणली आणि भोक बुजवलं. (पांढरीच घ्यावी. रंगीत दिसून येते. भाड्याने राहिलेल्यांना हे सांगायला नको.) त्या दिवसापासून सुमनने कुठल्याही भिंतीला हात लावला नाही.

यात पंचाईत झाली ती मोराची. सुमनच्या आईने लग्नात तिला मण्यांचा मोर दिला होता. स्वतः केलेला, चांगला हातभर लांब, काचेच्या चौकटीत बसवलेला. रंगीत मणी एकेक करून ओवताना सासूबाईंचे डोळे गेले, असं सासरे म्हणायचे. हा मोर प्रत्येक बदलीत जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेतून आमच्याबरोबर यायचा. त्याने सगळा खानदेश पाहिला तो आतून, अंधारात. सासूबाई भेटल्या की विचारायच्या, “मोर कोठे लावा वं?” आणि सुमन सांगायची, “पुढच्या खोलीत, आई. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतो.” त्या वारल्या तेव्हाही मोर ट्रंकेतच होता.

मध्ये कधीतरी आम्ही नंदुरबारला घर घेतलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे न्हाणी. सुमनच्या पाटल्या मोडल्या म्हणून खरेदीखत तिच्या नावावर केलं. पण धावपळ सगळी माझी, सह्यांची ठिकाणं दाखवणारा मी, घरपट्टी भरणारा मी, त्यामुळे कागद कुणाच्या नावाचा हे माझ्या डोक्यातून हळूहळू निघून गेलं. पुरुषांच्या डोक्यातून अशा गोष्टी फार सहज निघतात.

आमची नोकरी दुसरीकडे, म्हणून घर भाड्याने दिलं ते युसुफभाईंना. युसुफभाई म्हणजे शिलाई मास्टर. पुढच्या खोलीत त्यांनी मशीन मांडली, मागच्या खोलीत संसार मांडला, त्यांच्या मुलींची लग्नं तिथूनच झाली. वर्षं गेली तशी सगळी गल्ली त्या घराला ‘मास्टरनं घर’ म्हणू लागली. मीसुद्धा रिक्षावाल्याला तेच सांगायचो, नाहीतर तो भलतीकडेच न्यायचा. माझ्या निवृत्तीच्या सुमाराला युसुफभाईंनी रेल्वे रुळांच्या पलीकडे स्वतःचं घर बांधलं, आणि आम्ही दोघं आमच्या घरी राहायला आलो. आयुष्यात पहिल्यांदा.

घरात शिरलो आणि सुमन भिंतींकडे बघतच राहिली. एक खिळा नाही! खिळ्याचं भोक नाही! मी युसुफभाईंना फोन लावला.

“युसुफभाई, इतकी वर्षं राहिलात, एकही खिळा ठोकला नाहीत?”

“भाऊसाहेब, पराये घर में खिया कसा ठोकू? दोरी बांधी व्हती खिडकीले. चाली जाये.”

त्यांची एकच खूण उरली होती, ती म्हणजे टाचण्या. फरशीच्या फटींतून अधूनमधून एखादी वर यायची आणि नेमकी माझ्याच पायाला टोचायची. सुमनच्या कधी नाही. घराला मालक ओळखू येतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सामान लागलं तशी सुमनने ट्रंक उघडली, मोर काढला, पदराने काच पुसली आणि पुढच्या खोलीतल्या भिंतीला लावून पाहिला.

“इथे. ठोका खिळा.”

आणि माझ्या तोंडून गेलं, “आधी विचारायला हवं.”

“कुणाला?”

हातोडी हातात घेऊन मी दाराकडे बघत उभा, कुणी ओरडत येतंय का म्हणून. सुमनने हातोडी माझ्या हातातून काढून घेतली आणि मोर परत लुगड्यात गुंडाळला.

“तुम्हाला कागदाशिवाय काही खरं वाटत नाही ना? मग कागदावर येऊ द्या, की या घरात आपण स्वतः राहतो. तो आला की मी माझ्या हाताने ठोकीन. तोवर माझा मोर ट्रंकेत.”

आता असा कागद येतो कुठून, तर घरपट्टीतून. घर भाड्याने दिलेलं असलं की पालिका घरपट्टी बसवते ती भाडं धरून. मालक स्वतः राहायला आला की हिशेब बदलतो, पट्टी उतरते. पण मालक राहायला आलाय हे पालिकेला आपोआप कळत नाही, तिला काही स्वप्न पडत नाही. अर्ज द्यायचा, मग त्यांचा माणूस येऊन पाहून जातो, वहीत ‘भाडेकरू’ खोडून ‘स्वतः’ लिहितो, आणि पुढच्या घरपट्टीच्या कागदावर तसं छापून येतं. पट्टी उतरेल हे मला हवं होतं. ‘स्वतः’ हा शब्द सुमनला हवा होता. मी अर्ज दिला. अक्षर इतकं सुरेख काढलं की खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “सरकारी नोकरीत होतात वाटतं.”

आणि मग ती सकाळ उजाडली. सुमन बाजारात गेली होती. चहा झाला होता. दारात एक तरुण उभा, खांद्याला पिशवी, हातात कागद. कर निरीक्षक, आडनाव गिरासे. पण ते त्याने नंतर सांगितलं. आधी विचारलं ते एवढंच.

“मालक आहेत का?”

आता मला सांगा, चोपड्यात, शिरपुरात, दोनदा साक्रीत, दारात कुणीही येऊन हा प्रश्न विचारला की मी काय उत्तर दिलं असेल? वीजबिलवाला असो, वर्गणीवाले असोत. जीभ त्या वाक्याला इतकी सरावली होती की मी पेपरातून मान वर न करता सांगितलं, “मालक इथे राहत नाहीत.”

“मग तुम्ही?”

“आम्ही भाड्याने.”

“बरं,” असं म्हणून त्याने लिहिलं, घराचा फोटो काढला आणि गेला. मी पेपरात पुन्हा डोकं घातलं. शेवटच्या पानावर पोचल्यावर मी काय बोलून बसलो ते ध्यानात आलं. चप्पल न घालता गल्लीच्या टोकापर्यंत पळालो, तर त्याची मोटारसायकल वळून गेलेली. (जाताना अजून एक टाचणी टोचली ती वेगळीच.)

सुमनला मी काहीच सांगितलं नाही. म्हटलं, पालिकेत जाऊन गुपचूप दुरुस्त करून घेऊ. पण पालिकेतून नोटीसच आधी आली, आणि ती नेमकी सुमनच्या हातात पडली. भोगवटा म्हणजे घर कोण वापरतं, त्या रकान्यात स्पष्ट अक्षरात ‘भाडेकरू’. आणि शेरा लिहिलेला, ‘राहणाऱ्या इसमाने स्वतः सांगितल्यावरून.’

सुमन चिडली की तिची शहरी मराठी गळून पडते. “राहणारा इसम!” ती म्हणाली. “मालक नही ऱ्हातस? मंग आठे कोन ऱ्हास? भूत?”

“अगं, सवयीने बोलून गेलो…”

“सवयीने! लग्नाची पण सवय झाली असेल. उद्या कुणी विचारलं तर सांगाल, बायको इथे राहत नाही!”

त्या दिवशी जेवणात मीठ नव्हतं. मी तक्रार केली नाही. भाडेकरूने करायची नसते.

हरकत घेतली. पुन्हा पाहणी लागली. या वेळी मी सकाळपासून इस्त्रीचे कपडे घालून ओट्यावर बसलो होतो. मनातल्या मनात घोकत होतो, मी मालक, मी मालक, मी मालक. तेवढ्यात सुमनने आतून हाक मारली, न्हाणीतला नळ निखळून हातात आला म्हणून. पाणी नुसतं उसळत होतं! मी आत धावलो, काही सुचेना, युसुफभाईंना फोन लावला. घराच्या नळांची कुंडली फक्त त्यांना ठाऊक.

इकडे गिरासे आला तो गल्लीतूनच चौकशी करत. समोरच्या लीलाजिजी गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी त्याला सगळं प्रेमाने सांगितलं. “हाई घर? हाई तं मास्टरनं घर शे. ह्या नवा भाडेकरी शेतस. भला शेतस बिचारा, आवाज बी करतस नही!”

एवढं ऐकून तो आमच्या दारात आला, तेव्हा मी न्हाणीतून, गळ्यापर्यंत भिजलेला, फोनवर ओरडत होतो, “युसुफभाई, तुमच्या घरात पाणीच पाणी झालंय! कॉक कुठे आहे? मी फिरवू का? चालेल ना?”

बाहेर येऊन बघतो तर गिरासे लिहीत होता.

“अहो थांबा, मी मालक आहे!” मी ओरडलो.

“काका,” तो समजुतीने म्हणाला, “घरपट्टी वाचवायला लोक असं करतात. मला सवय आहे. आता सुनावणीलाच या.”

सुनावणीला साक्ष लागणार, म्हणून मी युसुफभाईंच्या नव्या घरी गेलो. आत पाऊल टाकलं आणि थक्क झालो. भिंत दिसतच नव्हती! खिळे, खिळे आणि खिळे! कात्र्या टांगलेल्या, टेपा टांगलेल्या, टोप्या, पिशव्या, घड्याळं दोन. आणि कितीतरी खिळे नुसतेच, त्यांवर काही नाही.

“हे रिकामे कशाला, युसुफभाई?”

ते लाजले. “पहिला ठोका तवय मी थांबी गऊ, भाऊसाहेब. बघं, कोन वरडस का. कोनीच वरडं नही. मंग आखो एक ठोका. मंग आखो.” मग भिंतीवर हात फिरवत ते हळूच म्हणाले, “अब भी कभी कभी ठोक लेता हूँ. अच्छा लगता है.”

मी चहा पीत त्या रिकाम्या खिळ्यांकडे बघत बसलो. माझ्या घरात हा माणूस इतकी वर्षं राहिला, मुली तिथून सासरी पाठवल्या, आणि भिंतीला धक्का लावला नाही. आणि त्याच सगळ्या वर्षांत मी दुसऱ्यांच्या भिंतींना टूथपेस्ट लावत फिरत होतो. म्हणजे आमचं घर होतं, पण त्या घरात आपल्या घरात असल्यासारखं कुणी राहिलंच नव्हतं. ना ते, ना मी. घर बिचारं इतकी वर्षं वाट बघत उभं होतं की कुणीतरी येईल आणि धाडदिशी खिळा ठोकेल. मला फार वाईट वाटलं, आणि सुमनची आठवण झाली.

सुनावणीच्या दिवशी पालिकेच्या सभागृहात आम्ही तिघं गेलो. मी, सुमन आणि युसुफभाई. टेबलामागे चष्मा लावलेले वयस्क अधिकारी, शेजारी गिरासे. आमचा पुकारा झाला.

“हरकत काय आहे?”

मी छाती पुढे काढली. “साहेब, घराचा मालक मी आहे!”

“पहिल्या पाहणीला तुम्हीच सांगितलंत, मालक राहत नाहीत.”

“सवयीने सांगितलं, साहेब. नोकरीभर तेच सांगत आलो.”

त्यांनी खरेदीखत मागितलं. मी ऐटीत दिलं. त्यांनी पानं उलटली, पुन्हा उलटली, चष्मा पुसला.

“यात घेणार सुमनबाई आहेत. तुमचं नाव कुठे आहे?”

मी वाकून पाहिलं. नाव होतं माझं, नव्हतं असं नाही. शेवटच्या पानावर, अगदी खाली. साक्षीदार क्रमांक दोन!

“म्हणजे,” साहेब शांतपणे म्हणाले, “तेव्हा तुम्ही मालक नाही म्हणालात ते बरोबर होतं, आणि आज मालक आहे म्हणता ते चूक आहे.”

मागे बसलेली माणसं हसली. गिरासेसुद्धा हसला. युसुफभाई मदतीला उठले. “साहेब, भाडेकरी मी व्हतू. मन्हं घर आते रुळना पलीकडे शे. हाई घर भाभींनं शे. ह्या भाऊसाहेब तं…” ते अडले. मी नक्की कोण हे त्यांनाही सांगता येईना.

“सुमनबाई कोण?”

सुमन उठली. पदर नीट केला.

“हे तुमचे मालक ना?” साहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

“माझे मालक हे. घराची मालक मी.”

“आणि घरात राहतं कोण?”

“मी राहते.”

“आणि हे?”

सुमनने माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर चोपड्याची भिंत आली, ते बारीक भोक आणि माझ्या बोटावरची टूथपेस्ट. भर सभागृहात माझ्या डोक्यावरचं छप्पर त्या बाईच्या एका शब्दावर होतं.

“राहू दिलंय,” ती म्हणाली.

“भाडं देतात?”

“अजून तरी नाही.”

सगळं सभागृह खदखदून हसलं. साहेबांनीही रुमाल तोंडाला लावला. मग म्हणाले, “भाडं न देणारं कुटुंबातलं माणूस भाडेकरूत धरत नाहीत.” आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘भोगवटा: मालक स्वतः व कुटुंबीय.’ त्यातला ‘व कुटुंबीय’ म्हणजे मी.

घरपट्टीचा नवा कागद आला, तो सुमनने दोनदा वाचला. पट्टी किती उतरली हे पाहिलंही नाही. सरळ ट्रंक उघडली. मी स्टूल धरलं. पहिला ठोका पडला आणि माझी मान आपोआप दाराकडे वळली. आणि खरंच कुणीतरी धावत आलं! लीलाजिजी.

“कसाना आवाज शे हाऊ?”

“खिया ठोकी ऱ्हायनू,” सुमन वरूनच म्हणाली.

“आवं, मास्टरले इचारं का?”

“कसाले? मन्हं घर शे!”

आणि तिने असा ठोका घातला की पोपडा उडून माझ्या टकलावर पडला. खिळा थोडा वाकडा बसला. मोर थोडा तिरपा झाला, कुणाची तरी वाट बघत मान कलती केल्यासारखा. सुमन स्टुलावरून उतरली, लांब जाऊन बघितलं आणि म्हणाली, “आई, पुढच्या खोलीत लावला गं.” आणि ती रडू लागली. मीही रडलो. लीलाजिजीही रडल्या. त्यांना कारण माहीत नव्हतं, पण त्या भल्या बाई आहेत.

यावर मी थांबायला हवं होतं. पण मलाही जरा चेव आला. युसुफभाई म्हणाले होते ना, ठोकल्यावर बरं वाटतं म्हणून! दोन दिवसांनी मी छत्रीसाठी मोराच्या शेजारीच एक खिळा ठोकायला घेतला. पहिल्या ठोक्याला सुमन स्वयंपाकघराच्या दारात होती आणि तिसऱ्याला माझ्या पुढ्यात.

“माझ्या भिंतीला काय केलं?”

खिळा मी माझ्या हाताने उपटला. आत जाऊन टूथपेस्ट आणली, पांढरीच. भोक बुजवत होतो तेवढ्यात दारात नळपट्टीवाला आला.

“मालक आहेत का?”

“आहेत,” मी म्हटलं. “आत आहेत. पण जरा हळू बोला, आत्ताच एका भाडेकरूवर चिडल्यात.”